चाचांची न चालणारी गाडी

"आधी हवा, मग चहा."

कुणाच्याही घरी गेले की चाचा हे म्हणत आणि खुर्चीवर टेकण्याआधी त्या घराची एक तरी खिडकी उघडत. खिडकी आधीच उघडी असली तर आणखी थोडी ढकलून पाहत. आमच्या बैठकीतल्या खिडकीची बिजागरी त्यांनी अशीच काढली. वर मलाच म्हणाले, "सायेब, ढिली हुती. आज ना उद्या जाणारच हुती."

चाचा एसटीत ड्रायव्हर. बहुतेक सगळी नोकरी भोर–महाड रस्त्यावर, वरंधा घाटात गेली. निवृत्त होऊन ते भोरला आमच्या शेजारी कायमचे घरी बसले. घरी बसले असं म्हणायचं एवढंच. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, जो निवृत्त झाला की शेजाऱ्यांना काम लागतं.

आम्हाला काम लागलं ते भाभींच्या मिरवेलीमुळे, काळ्या मिरीच्या वेलीमुळे. भाभी म्हणजे चाचांच्या पत्नी, माहेर घाटाखाली, महाडच्या बाजूला. आई गेली, तिकडचं घर विकलं गेलं, तेव्हा परसातल्या मिरवेलीची एक फांदी त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून इकडे आणली. माहेरचं म्हणून त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं. पहिल्याच हिवाळ्यात भोरच्या थंडीने तिची पानं काळी पडून गळाली. खोडावर एक हिरवा डोळा तेवढा राहिला. भाभी रोज सकाळी जाऊन तो डोळा बघत. चाचांनी ते बघितलं आणि वेलीसाठी परसात काचघर बांधायला घेतलं.

काचघर कसलं, बसच ती! महामार्गाजवळच्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी मोडीत निघालेल्या गाडीच्या खिडक्या आणल्या, सरकत्या काचांसकट. लांबी आठ फूट, रुंदी सहा, उंची सात. मापं मी स्वतः घेतली आहेत. छपराला जाड प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी ताणून बांधला. एका काचेवर 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' ही अक्षरं शाबूत होती. ती काच चाचांनी मुद्दाम वेलीशेजारी बसवली. "तिला बी म्हाईत पायजे," म्हणाले.

पुढचा हिवाळा झकास गेला. वेल काठीच्या टोकापर्यंत चढली. आणि मग उन्हाळा आला.

माझ्याकडे भिंतीवर टांगायचा एक थर्मामीटर होता. तो मी आत लावला. बाहेर अडतीस, आत पंचेचाळीस.

"सगळ्या खिडक्या उघड्या आहेत ना?" मी विचारलं.

"सताड!"

"मग एवढं कसं?"

"तुमचा थर्मामीटर गंडलाय."

मी थर्मामीटर आमच्या माजघरात नेला. तेहतीस. परत आणला. पंचेचाळीस.

"म्हंजे तुमचं माजघर गंडलंय," चाचा म्हणाले.

पण पानांच्या कडा करपायला लागल्या होत्या आणि ते दिसायला थर्मामीटर लागत नव्हता. चाचांनी काचांना चुना फासला. दोन अंश उतरले. जमिनीवर विटांचे तुकडे पसरून त्यांवर पाणी मारलं, आणखी एक. त्यापुढे पारा हलेना. चौथ्या पानाने मान टाकली तेव्हा भाभी दारातूनच म्हणाल्या, "राहू द्या आता. माहेर काय कुणाला जन्मभर पुरतं?"

चाचा दोरीपाशी गेले, भाभींची नुकतीच पिळलेली साडी ओढली आणि काचघराच्या छपरावर पसरली. मी आत जाऊन पाहिलं. पारा एक्केचाळीसवर आला होता.

अडचण एवढीच की ती साडी पाव तासात वाळली.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या आळीची धुणी चाचांच्या ताब्यात गेली. सकाळी कपडे धुवायला बंदी. दुपारी, ऊन चढल्यावर, एकेका घराने आपले ओले पिळे घेऊन यायचं आणि काचघरावर वाळत घालायचे. एकाचे वाळले की दुसऱ्याचे. चाचा दारात उभे राहून पुकारत, "चला, पुढची खेप! म्हातारीचं लुगडं आलं का? नऊवारी आधी घ्या, लांब पल्ल्याची गाडी हाय ती!"

"आन आमचं काय?" कोपऱ्यावरच्या सुतारीणबाई बादली आपटत विचारत.

"तुमचं समदं नायलॉन. ते हितं येऊस्तोवर वाळतंय!"

माझी पट्ट्यापट्ट्यांची चड्डी मात्र रोज पुढच्या काचेवर, रस्त्यावरून दिसेल अशी. माझ्या पत्नीने शेवटी विषय काढलाच. "चाचा, ह्यांची ती चड्डी तरी मागल्या बाजूला टाका हो. येणारे-जाणारे बघतात."

"वहिनी, बगू द्या की! आख्ख्या आळीत ती सगळ्यात जास्त पानी धरती."

मी तपासून पाहिलं. ते खरं होतं. सुती साडी पाव तासात वाळायची, चड्डी चाळीस मिनिटं टिकायची. त्यानंतर माझी तक्रार राहिली नाही. थोडा अभिमानच वाटू लागला.

तरी पारा चाळीसच्या खाली येत नव्हता आणि पानं गळत होती. मे महिन्याच्या एका दुपारी, छपरावर तीन घरांची धुणी असताना, नदीकडून वावटळ आली. तिने आधी लुगडं उचललं, मग चादरी, मग माझी चड्डी. आळीभर कपडे आणि कपड्यांमागे बायका. "अगं, माझा पदर धर!" "हा पदर माझा नव्हं, ही उशीची खोळ!" चड्डी विजेच्या खांबावर गेली आणि पावसाळ्यापर्यंत तिथेच राहिली. छपराचा कागदही एका कोपऱ्यात फाटून वर उभा राहिला.

चाचा कपड्यांमागे धावले नाहीत. ते थेट काचघरात शिरले, दोन्ही हातांनी वेल धरून उभे राहिले. मी त्यांच्या मागे गेलो. वावटळ निघून गेली. उघड्या छपरातून ऊन थेट आत येत होतं, आणि पारा उतरत होता. एकोणचाळीस. अडतीस.

"चाचा, हात वर करा."

त्यांनी फाटलेल्या कोपऱ्याजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. आतली सगळी गरम हवा तिथून भसाभस बाहेर पडत होती.

ते पालथ्या बादलीवर बसले आणि हसायला लागले. अंग गदगदा हलेपर्यंत हसले. "सायेब, गाडी पळती तवा खिडकीतनं वारं येतं! जल्मभर म्या तेच वारं खाल्लं. आन ह्ये... ह्ये कुठं पळतंय?" हसू मलाही आवरेना. भाभी धावत आल्या, दोघांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ऊन लागलं वाटतं."

दोन दिवसांत चाचांनी छपराला झाकण केलं. त्याला दोरी, दोरीला घंटा. सकाळी ऊन तापलं की घंटा दोनदा वाजे, झाकण उघडे, आणि चाचा आतून ओरडत, "जाऊ द्या!"

चाचा आता नाहीत. भाभी मुलाकडे पुण्याला असतात. काचघराच्या खिडक्या पुन्हा भंगारात गेल्या. वेल आमच्या परसातल्या फणसावर आहे, भिंतीच्या आडोशाला.

पण तिला पहिले घोस लागले ते चाचांच्या समोर, तिसऱ्या वर्षीच्या थंडीत. भाभींनी एक हिरवा घोस तोडला आणि दोन मिरे तोंडात टाकले. आम्ही चार-पाच जण उभे होतो. चाचा तर श्वास रोखून.

"काय?" त्यांनी विचारलं.

"कमी तिखट आहे," भाभी म्हणाल्या. "आईची जास्त होती."

चाचांचा चेहरा एवढासा झाला. भाभींनी आणखी दोन मिरे खाल्ले. मग आणखी चार. नाक ओढलं, डोळे पदराने पुसले. "कमीच आहे," असं म्हणत तो अख्खा घोस त्यांनी संपवला.

चाचा माझ्या कानाशी लागले. "कमी म्हनती. आन डोळं बगा."

मग ते भाभींसाठी पाणी आणायला घरात गेले. स्वयंपाकघर तिथून दहा पावलांवर. परत यायला त्यांना बराच वेळ लागला.