दोन थापा

मला भीती वाटली की माझा आवाज जातो. ओरडायचं असतं, तोंडही उघडतं, पण बाहेर काही येत नाही. त्यामुळेच आमच्यात थापांची पद्धत पडली. लग्न होऊन साताऱ्याकडून नेरूळला आले तेव्हा मी मोटारसायकलवर कधी बसलेच नव्हते. हे म्हणाले, "नीट बसलीस की खांद्यावर दोन थापा दे. त्याशिवाय मी गाडी हलवणार नाही."

तीच गाडी अजून आहे. आमची मुलगी कॉलेजला जाते, तिच्याहून ती मोठी. आम्ही दोघं रबाळ्याला कामाला जातो, वेगवेगळ्या कंपन्यांत. मी साडी नेसून एका बाजूला बसते, त्यामुळे माझी पाठ सगळ्या रहदारीकडे. कंटेनर मागून येतो तो दिसत नाही. नुसता गरम वारा पाठीवर येतो आणि गाडी थरथरते. इतकी वर्षं झाली तरी त्याची सवय झालेली नाही. पण ह्या गाडीची सीट बुटकी आणि रुंद. मागे हात घट्ट बसेल असा दांडा आहे, चाकाला जाळी आहे, दोन्ही पाय टेकतील अशी पट्टी आहे. तेवढ्यावर मी जाते.

दसऱ्याच्या आधी माझा दीर हट्टालाच पेटला. "दादा, ही गाडी आता भंगारवाला पण घेणार नाही. शोरूमवाला बदल्यात घेतोय तोवर देऊन टाक." मला म्हणाला, "वहिनी, तुमी तरी सांगा. दादा सिग्नलला थांबला की सायकलवाला पुढे जातो." हे हसले. मी चहा गाळत राहिले. मनात म्हणत होते, हे नको म्हणू देत. ह्यांनी हो म्हटलं.

रविवारी तिघं सीवूड्सजवळच्या शोरूमला गेलो. दीर त्याच्या गाडीवर, आम्ही आमच्या. नवी गाडी काळी होती. मागची सीट वर चढलेली, अरुंद आणि पुढे उतरती. शोरूमचा माणूस म्हणाला, "वहिनींना पण बसवा ना, एक चक्कर मारून या." अशा ठिकाणी माझं तोंड तसंही उघडत नाही. बसले. एक पाय कुठेतरी टेकला, दुसरा लोंबत होता. मागे हात घातला तर धरायला दांडाच नाही. मी पदर खोचायला लागले आणि ह्यांनी बटण दाबलं.

मी थापा दिल्याच नव्हत्या.

गाडीने पुढे उडीच मारली. मी मागे गेले, हातात ह्यांची कॉलर आली, ती धरली. पदर सुटून चाकाच्या बाजूला फडफडत होता. मला खाली चाक दिसत होतं आणि चाकाच्या बाजूने पळणारा रस्ता. थांबा म्हणायचं होतं. आवाज नाही. पाठीमागून बस येत असल्याचं ऐकू आलं आणि मी डोळे मिटले. मुलीने सकाळी डबा नेलाय की नाही, एवढंच डोक्यात येत होतं, आणि त्या दिवशी तर रविवार होता.

परत आलो तेव्हा मी उतरून आधी पदर खोचला. दीर म्हणाला, "काय वहिनी, विमानात बसल्यासारखं वाटलं ना?" आत सह्यांचे कागद तयार होते. ह्यांनी सही केली की रोज ह्याच सीटवर, त्याच रस्त्यावर. मला एवढंच बोलायचं होतं, की नको. ते काही केल्या येईना. मी बाहेर गेले.

आमची गाडी गेटपाशी उभी होती. मी तिच्यावर जाऊन बसले. दांडा धरला, पाय पट्टीवर ठेवले. थोड्या वेळाने हे गाडीच्या बाजूच्या डिकीतले कागद न्यायला आले.

"उतर गं, गाडी आत द्यायची आहे."

मी उतरले नाही. ते डिकी उघडायला वाकले तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर दोन थापा दिल्या. मोजायचं भान नव्हतं, दोनच्या तीन झाल्या.

ह्यांनी मान वर केली. मग हात आपल्या कॉलरकडे नेला. वरचं बटण तुटलं होतं. "मघाशी तू थाप दिलीच नव्हतीस," असं हळूच म्हणाले. डिकी बंद करून त्यांनी किक मारायला सुरुवात केली. गाडी लगेच सुरू होईना. दाराशी येऊन दीर ओरडला, "दादा, अरे सही?"

"सीट उंच आहे रे," हे म्हणाले.

घरी मी बटण लावत असताना म्हणाले, "ओरडायचं तरी."

"आवाज नाही आला."

दीर अजून चिडवतो. गाडी कधीमधी भर रस्त्यात बंद पडते, तेव्हाही मला घाम फुटतो. पण नव्या गाडीचा विषय घरात निघत नाही. फक्त आता थापांवर हे निघत नाहीत. "तोंडाने सांग," म्हणतात. हेल्मेटमधून ऐकू जात नाही, म्हणून पुन्हा सांगायला लावतात. खाली सोसायटीतले लोक बघत असतात, मला लाज वाटते. तरी मी मोठ्याने म्हणते, "बसले!"