टोपीखालचा अंबाडा

बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून परतताना ती कंपनीच्या बसमध्ये माझ्याशेजारी बसायची. मी ऑफिसात, ती औषधांच्या पॅकिंगला. बस सुटली की आधी अंबाड्याचे आकडे काढायची, मग कपाळावरचे विरळ झालेले केस चाचपायची.

एकदा माझा अंबाडा बघून म्हणाली, "अक्का, स्वल्प सैल बांधा. रोज जागा बदला, नाहीतर केस तुटतात."

"मग तुम्ही?"

"पॅकिंगला घालायच्या टोपीखाली अंबाड्याला एकच जागा असते. सैल बांधला तर बट बाहेर येते, आणि सुपरवायझर दारातूनच परत पाठवतो."

गेल्या सोमवारी ती केस अगदी बारीक कापून आली. संध्याकाळी बस सुटली, तसे तिचे हात सवयीने मानेमागे गेले आणि तिथेच राहिले.

"टोपी आता नीट बसते," ती म्हणाली.