आजीच्या नावावरचं भरीत

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो माझ्या मोठ्या बहिणीचा, अक्काचा. सातवीनंतर तिची शाळा सुटली. लग्नानंतर तिने धुळ्यात खाणावळ काढली आणि तिच्या जोरावर मला धरणगावच्या शाळेतून हॉटेल मॅनेजमेंटच्या पदवीपर्यंत नेलं. आमच्या घरात तोवर कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं.

आज मी जळगावातल्या एका नव्या धर्तीच्या रेस्टॉरंटमध्ये शेफ आहे. इथे जेवण सात टप्प्यांत येतं आणि प्रत्येक ताटलीबरोबर तिची गोष्ट सांगणारं छोटं कार्ड असतं. तिसरी ताटली माझी. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या इवल्याशा पुरीवर हिरव्या वांग्याचं भरीत, वर कांद्याच्या पातीचं तेल. वांगी मी अजूनही कपाशीच्या काड्यांवर भाजतो आणि बडजीत, म्हणजे लांबट लाकडी भांड्यात, ठेचतो. ही अक्काची शिकवण. कार्डावर मात्र छापलं होतं, ‘शेफच्या आजीच्या चुलीवरून’. मालक म्हणाले होते, “आजी लिहा. पाहुण्यांना आजी आवडते.” नोकरी नवी होती. मी मान डोलावली.

हिवाळ्यात अक्काला जेवायला बोलावलं. ठेवणीतली साडी नेसून ती आली. कार्डावर बोट ठेवत तिने ते सावकाश वाचलं.

“भाऊ, आजीले भरीत कधी येये? ती ते वांगाले हात बी लावे नही!”

शेजारच्या टेबलावरचे लोक वळून पाहू लागले. मी आवाज खाली आणून म्हणालो, “अक्का, ते नुसतं लिहायचं म्हणून असतं.”

“आस्सं? धूर मी खादा आनि नाव आजीनं!”

ती हसत होती. पुरी एका घासात संपवून “चव बराबर शे” म्हणाली आणि कार्ड पालथं घालून ठेवलं. मला ते पालथं कार्डच जास्त लागलं. आजी कोणाचीही चालते, तिच्याबद्दल कोणी काही विचारत नाही. पण खाणावळ चालवून भावाला शिकवणारी बाई कार्डावर शोभत नाही, हे मालकांच्या आधी मीच मान्य केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मालकांना सांगितलं, कार्डावर आजीऐवजी अक्का आणि तिची खाणावळ हवी. “खाणावळ शब्द हलका वाटेल हो,” ते म्हणाले.

“मग ती ताटलीच काढा, साहेब.”

 त्यांनी जुनं कार्ड उचलून पुन्हा वाचलं. मग म्हणाले, “छापून आणा.”

फोनवर अक्का सगळं हसण्यावारी नेते, म्हणून पत्र लिहिलं:

“प्रिय अक्का, साष्टांग नमस्कार.

कार्ड बदललं. आता त्यावर आहे, ‘हे भरीत शेफच्या मोठ्या बहिणीचं. धुळ्यात तिची खाणावळ आहे. वांगी भाजायला आणि ठेचायला तो तिच्याकडूनच शिकला.’ तुझं नाव तुला विचारल्याशिवाय घालणार नाही. ‘नुसतं लिहायचं म्हणून’ असं मी त्या दिवशी म्हणालो, ते चुकलं.

सोबत कार्ड पाठवतोय. काही खोटं वाटलं तर पेनाने खोड आणि परत पाठव.

तुझा भाऊ”