शेवटचा नट मालकाच्या हातानं

शेषरावभाऊंची आणि माझी पहिली भेट माझ्या फजितीची आहे. अमृतमहोत्सवाच्या ग्रंथात स्वतःची फजिती सांगू नये असं म्हणतात, पण तिच्याशिवाय भाऊ सांगताच येत नाहीत.

वीसेक वर्षांपूर्वी मी वर्ध्यात मोटार मेकॅनिकच्या वर्गाचा शिक्षक म्हणून नवाच लागलो होतो. शहाणपण उतू जात होतं. एका कापड दुकानदारांच्या जुन्या पेट्रोल गाडीचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मी पुस्तकात लिहिलेल्या खुणेवर, टायमिंगचा दिवा लावून, अगदी काटेकोर बसवून दिलं. शेटजी आईला घेऊन गिरडला निघाले. टेकडीच्या चढावर इंजिन खणखण वाजायला लागलं, तापलं आणि म्हातारीला उन्हात उतरून बसावं लागलं. परत आल्यावर त्यांनी गाडी थेट बोरगाव मेघेला, भाऊंच्या टिनाच्या शेडमधल्या गॅरेजात नेली आणि मलाही बोलावून घेतलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ते असं.

भाऊंनी मला त्याआधी कधी पाहिलंही नव्हतं. त्यांनी आम्हा दोघांना गाडीत बसवलं आणि रेल्वेपुलाचा चढ टॉप गिअरमध्ये चढवला. खाली येऊन ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा नट सैल केला, डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला, पुन्हा पूल. असं चार वेळा. ठिणगी फार लवकर पडली की चढावर इंजिन वाजतं, उशिरा पडली की दम टाकतं. या दोहोंमधली जागा भाऊ कानानं शोधत. पाचव्या फेरीला गाडी मुकाट्यानं पूल चढली. तेव्हा ते शेटजींना म्हणाले, "आमच्या दोघाईची चूक झाली, शेटजी. माफी द्या."

मी चाट पडलो. शेटजी गेल्यावर विचारलं, "भाऊ, चूक माझी होती. तुम्ही अर्धी का घेतली?"

"मास्तर, उद्या पोराइले शिकवाचं हाय तुमाले. मान खाली घालून शिकवता येत नाई." मग पान्हा पुसता पुसता म्हणाले, "आन् पुस्तक खोटं नाई. पुस्तक लिवलं तवा हे इंजिन नवं होतं, एवढंच."

त्या दिवसापासून मी त्यांचा शिष्य झालो, दर रविवारी गाडीत त्यांच्याशेजारी बसून पूल चढू लागलो. त्यांनी मात्र मला कधी शिष्य म्हटलं नाही, मास्तरच म्हणत राहिले.

त्यांच्या शेडचा एक रिवाज सगळ्यांनाच ठाऊक आहे. टायमिंग जमलं की डिस्ट्रिब्युटरचा शेवटचा नट भाऊ स्वतः कसत नाहीत, मालकाला कसायला लावतात. एक निवृत्त नर्सबाई म्हणाल्या, "भाऊ, मला नाही जमायचं." भाऊंनी पान्ह्याचं टोक आपण धरलं, बाईंचा हात वर ठेवला आणि म्हणाले, "इंजक्शन देताना हात थरथरला का कधी? मंग कसा हा नट." बाई आजही दर महिन्याला बॉनेट उघडून तो नट बघतात.

आता गेल्या वर्षाचं सांगतो. ते सांगू की नको, हे मी भाऊंना विचारलं होतं. "सांगा, खरं हाय ते," म्हणाले.

तळेगावच्या एका गुरुजींची गाडी त्यांनी करून दिली आणि ती घरी पोचेपर्यंत वाजत गेली. भाऊंना पुलावर ती खणखण ऐकूच आली नव्हती. बोललेलं कळत होतं, पण तो बारीक आवाज हरवला होता. कानाचं मशीन लावून पाहिलं, तर नुसता गोंगाट वाढला. भाऊ दुसऱ्याच दिवशी एसटीनं तळेगावला गेले, माफी मागितली, दुसऱ्या मिस्त्रींकडून गाडी नीट करून दिली आणि येऊन शेडला कुलूप लावलं.

दोन महिन्यांनी वहिनींचा फोन आला. "मास्तर, हे सकाळची वंदना झाली का ओट्यावर बसून राह्यते. घरात बोलत नाईत. तुमी येजा."

मी माझी जुनी गाडी काढली, ठिणगी फार लवकर पडेल असं टायमिंग मुद्दाम बिघडवलं आणि बोरगावला गेलो. भाऊंनी बॉनेटखाली डोकं घातलं.

"कोनं लावलं हे?"

"मीच."

"इतकं वाईट तुमी नाई लावत, मास्तर." हसले नाहीत. "मले ऐकू येत नाई आता. लोकाइच्या गाड्या काऊन बिघडवू मी?"

"तुम्ही चालवा. वाजलं की मी तुमचा गुडघा दाबतो."

फार विनवण्या कराव्या लागल्या, पण पुलावर निघालो. पहिल्या चढाला मी गुडघा दाबला. खाली येऊन त्यांनी नट सैल केला, डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला. दुसऱ्या चढाला त्यांच्या चेहऱ्याकडे पाहताना माझं लक्ष सुटलं आणि भाऊंनी आपणच ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला.

"वाजलं ना?"

वाजलं होतं. "तुम्हाला कसं कळलं?"

"पायाले समजलं," भाऊ म्हणाले.

पुलाखाली गाडी थांबवल्यावर मी मोठ्यानं म्हणालो, "भाऊ, तळेगावची चूक आपल्या दोघांची. तुमचे कान जात होते आणि मी दर रविवारी तुमच्याशेजारी बसत होतो. मला कळायला हवं होतं."

भाऊ उतरून पुन्हा बॉनेटखाली वाकले. डोळे भरले होते, माझेही. चौथ्या फेरीला गाडी गुमान चढली. त्यांनी पान्हा माझ्या हातात दिला. "कसा. गाडी तुमची हाय."

शेड पुन्हा उघडली आहे. तळेगावच्या गुरुजींनी पहिली गाडी आणली.

भाऊ, पंच्याहत्तरी झाली, आता शंभरी गाठा. गुडघे जपा, वहिनींचं ऐका, दुपारी जरा पडत जा. कानांची काळजी करू नका, माझे अजून शाबूत आहेत. रविवारी पुलावर माझा हात तुमच्या गुडघ्यावर असेल, आणि लक्ष सुटलं तर चूक दोघांची.