स्टॉककारच्या मैदानात वाळत घातलेले पापड

भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातली मी नाही, हे आधीच सांगते. सासरी अमावास्येला कोणी विहिरीकडे फिरकायचं नाही, तेव्हा मी मुद्दाम कळशी घेऊन जायची. सासूबाई कपाळावर हात मारून घ्यायच्या! म्हणून पुढचं वाचून ‘म्हातारीला भास झाला’ एवढं मात्र म्हणू नका. ते घरी ऐकून कान किटलेत माझे.

माझा मुलगा समीर जर्मनीत वोल्फ्सबुर्गला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, पण राहतो शहराबाहेर, एका खेड्यात. गेल्या उन्हाळ्यात मी तिकडे गेले ती नातीसाठी. इरा पाच वर्षांची. सून मुग्धाही नोकरी करते, त्यामुळे किंडरगार्टन सुटलं की इरा माझ्याकडे. मी मराठीत बोलायचं, तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं... पण आमचं छान जमायचं हो!

ऊन असं कडक पडलं होतं, की मला बटाट्याचे पापड घालायची हुक्की आली. बाल्कनीत घातले तर खालच्या बाईंची तक्रार, पक्षी येऊन घाण करतात म्हणे. मग गावाबाहेरच्या जुन्या वाळूच्या खाणीत मला एक सिमेंटचा ओटा सापडला. सपाट, दिवसभर ऊन. भोवती गवत, नि कडेला अर्धे पुरलेले टायर. ते कशाचे, मला काय ठाऊक! दुपारी प्लास्टिक अंथरलं, पापड घातले. मी झाडाच्या सावलीत बसले, इरा ओट्याजवळ खडे गोळा करत होती.

आधी पेट्रोलचा वास आला. मग कर्ण्यावर कोणी पुरुष भराभर जर्मन बोलायला लागला, जत्रेत कुस्त्यांच्या वेळी बोलतात ना, तसा. आणि मग इंजिनं... एक नाही, पुष्कळ! पत्र्यावर पत्रा आदळत, ओट्याच्या दिशेने येत होती. दिसत काहीच नव्हतं. गवताचं पातंसुद्धा हलत नव्हतं. मी धावले आणि इराला हाताला धरून खस्सकन ओढलं. पोर पडली, दोन्ही गुडघे फुटले.

“आजी, वास इस्ट डेन?” ती रडत विचारत होती, काय झालं म्हणून. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

संध्याकाळी समीर मला घेऊन पापड गोळा करायला आला.

“आई, इथे गाडी येणार कुठून? रस्ता तरी आहे का?”

“अरे, मी कानांनी ऐकलं.”

“ऊन लागलं असेल तुला.”

“ऊन लागून चिखल उडतो का रे?”

कारण अर्ध्या पापडांवर ओला चिखल उडाला होता, भरधाव चाकाने उडवावा तसा एका बाजूने. आणि जमीन बघावी तर भेगाळलेली! किती दिवसांत पाऊस नव्हता.

“रानडुक्कर असेल,” समीर म्हणाला.

“मग एकही पापड खाल्ला नाही ते? तिखट लागले वाटतं त्याला?”

त्याने एक पापड उचलून नाकाशी नेला. जन्म इंजिनात गेलाय त्याचा. मी बघत होते, चेहरा उतरला.

“कसला वास येतोय?”

“कसला नाही.” सगळं प्लास्टिक गुंडाळून त्याने कचऱ्यात टाकलं.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या डीटर आजोबांना मुग्धाने माझ्या वतीने विचारलं. ते खुलले एकदम! तिथे म्हणे स्टॉककारच्या शर्यती व्हायच्या. गावातली पोरं भंगारातल्या गाड्या आणायची, काचा काढायची, लोखंडी गज जोडायची आणि एकमेकांना धडका देत पळवायची. माझा ओटा म्हणजे पंचांची जागा. धूळ उडू नये म्हणून शर्यतीआधी टँकरने मैदान भिजवायचे. पुढे नवी घरं झाली, आवाजाच्या तक्रारी झाल्या, परवानगी बंद... संपलं.

“कोणी मेलं होतं का तिथे?” मी विचारायला लावलं.

“नाइन, नाइन!” नाही म्हणे. “हात-पाय मोडायचे, तेवढंच.”

आता सांगा! कोणी मेलं असतं तर नारळ तरी ठेवला असता. शांत करायचं कोणाला, भंगारातल्या गाड्यांना?

त्यानंतर इराला दुपारी एका बाईंकडे ठेवायला लागले. “आई, तुमच्यावर राग नाही, पण पुन्हा काही ऐकू आलं तर?” असं मुग्धा म्हणाली. मी समीरला निघायच्या दिवशीसुद्धा म्हटलं, “वास आला होता एवढं कबूल कर, बाकी काही नको.” तो बॅगेचं वजन करत राहिला.

तो चिखल कुठून आला, मला आजही माहीत नाही. समीरलाही माहीत नाही. मग नात माझ्याच हाती द्यायची नाही, हा कुठला न्याय?