क्वार्टर की गाव

कूलरच्या नव्या वाळ्यावर पाणी पडून वास सुटला, की हॉस्पिटलातली ती दुपार आठवते. बाबा पुटपुटले, "मले घरी ने."

"कोणत्या घरी, बाबा?"

"क्वाटरात." जवळ फक्त मी होतो. बाबांना नोकरीत मिळालेल्या, खुर्सीपारच्या दोन खोल्यांच्या त्या क्वार्टरमध्येच आम्ही वाढलो.

काका आल्यावर मी त्यांना हे सांगितलं. ते हसले. "क्वाटर काय घर असते का बे? रिटायर झाला का खाली करा. घर म्हंजे गाव!" दादा म्हणाला, "मी बी दारातून ऐकलं, गावालेच म्हणाले." आत्यानंही मान डोलावली, ती तर तेव्हा खाली चहा घेत होती. सगळे माझ्याकडे पाहत होते. इतक्यांनी ऐकलं म्हणजे मलाच चुकीचं ऐकू आलं असेल, असं वाटलं. मी म्हणालो, "हो, गावच म्हणाले."

गावी नेताना, भंडाऱ्याच्या वाटेवर, गाडीतच बाबा गेले. क्वार्टर हॉस्पिटलापासून जवळ होतं.

आता ती दुपार आठवायला बसलो, की बाबांचे ओठ हलताना दिसतात. ऐकू मात्र "गावाले" असंच येतं, आणि तेही काकांच्या आवाजात.