दुसरीपर्यंतची मुलं

जगदाळे सर गेल्याचं कळलं तेव्हा मी गच्चीवर कुरडया घालत होते. मे महिना, शाळेला सुट्टी, ऊन डोक्यावर यायच्या आत चीक संपवायची घाई. हात भरलेले म्हणून मुलीनं फोन माझ्या कानाला लावला. कऱ्हाडहून सरांचे भाऊ बोलत होते. सकाळी फिरून आले, छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात पोचायच्या आधीच... मी नुसतं ‘बरं’ म्हणाले. अशा बातमीवर कुणी ‘बरं’ म्हणतं का? पण तोंडातून तेवढंच आलं. मग उरलेल्या चिकाच्या कुरडया घालून टाकल्या. संध्याकाळपर्यंत शिक्षकांच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मी काहीच लिहिलं नाही. एका मैत्रिणीनं टोकलंही, तुम्ही इतकी वर्षं त्यांच्या शेजारच्या वर्गात होता, चार शब्द लिहा की. आता लिहिते आहे, पण ते चारात मावणार नाहीत.

कवठे महांकाळपासून पुढं आमची जिल्हा परिषदेची शाळा. दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे, मध्ये एक भिंत. सर बदलून आले तेव्हा शाळा बंद पडायच्या बेतात होती. रोज सकाळी इंग्रजी शाळेची पिवळी बस गावात यायची आणि ज्याची म्हणून थोडी द्राक्षबाग आहे त्याचं मूल टाय लावून तिच्यात चढायचं. आमच्याकडे उरली होती ती बहुतेक धनगरवस्तीवरची मुलं, तीही दिवाळीनंतर मेंढरांबरोबर निघून जाणारी. सर पहिल्याच आठवड्यात वस्तीवर गेले. घोंगडीवर बसले, भाकरी खाल्ली आणि म्हणाले, “तुमी खुशाल जावा मेंढरं घेऊन. पोरं म्हातारीपाशी ठेवा. त्यास्नी शिकवायचं माझ्याकडं लागलं.” एरवी माझ्याशी शुद्ध बोलणारा हा माणूस वस्तीवर गेला की तिथलाच होऊन जायचा. लोकांनी विश्वास ठेवला आणि त्या वर्षी मुलं मागं राहिली. माझाही विश्वास बसला, आणि मी काही पटकन विश्वास ठेवणारी बाई नाही.

पुढं शाळा खरोखरच उभी राहिली, त्यात मी कुणाला खोट काढू देणार नाही. तपासणीला आलेले साहेब सरांच्या वर्गातलं कुठलंही मूल उभं करायचे आणि ते खडाखडा वाचायचं. बातमी पसरली. द्राक्षबागवाल्यांनी मुलं इंग्रजी शाळेतून काढून आमच्याकडे घातली, बाहेरगावाहून रिक्षानं मुलं यायला लागली, पिवळी बस यायची थांबली. एका वर्षी माझ्या यजमानांचं मिरजेत ऑपरेशन झालं. तेव्हा सरांनी दोन्ही वर्ग एकट्यानं सांभाळले, वर रोज संध्याकाळी फोन करून माझ्या कुठल्या मुलानं आज काय वाचलं ते सांगायचे. म्हणायचे, “मॅडम, तुमचं लेकरू आज ‘चिमणी’चा धडा पूर्ण वाचून मोकळं झालं, तुम्ही निवांत राहा.” हे मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर पुढचं सोपं गेलं असतं.

दर जूनमध्ये माझी दुसरी पास झालेली मुलं भिंतीपलीकडे जायची. गावातली मुलं तिथं टिकायची. वस्तीवरची मात्र दिवाळीच्या आगेमागे एकेक करून दिसेनाशी व्हायची. मी विचारलं की सर म्हणायचे, “मेंढरांमागं गेली, मॅडम. आपण तरी किती धरून ठेवणार?” आणि असा उसासा टाकायचे की मीच त्यांची समजूत घालायचे. घरी येऊन यजमानांना सांगायचे, सर किती मनाला लावून घेतात बघा.

मग एकदा बाजारात बिरूची आई भेटली. बिरू माझ्याकडे दोन वर्षं होता. वाचायला जड, पण हट्टी मुलगा, एका ओळीला भिडला की सोडायचा नाही. मी विचारलं, काय गं, पोराला मेंढरांमागं कशाला नेलंस? ती माझ्याकडे बघतच राहिली. “आवं बाई, आमी कुटं न्हेला? सरच आलं हुतं घरला. म्हनलं, हितं त्येला झेपायचं न्हाई, लांब निवाशी शाळा हाय, जेवान-कापडं समदं फुकाट, तिकडं घाला. सर म्हनलं म्हून घातला. लय रडलं लेकरू. पळून आलं दोनदा. आता ऱ्हायलंय मेंढराकडं.” आणि मग हळूच म्हणाली, “तुमाला ठावं न्हवतं व्हय?” मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तिच्यामागोमाग मी वस्तीवर गेले आणि घरोघर विचारलं. सगळीकडे तेच. ज्या घोंगडीवर बसून मुलं मागितली, तिच्यावरच बसून सर ती परत करून आले होते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्यांच्यापुढे उभी राहिले. ते नाकबूल गेले नाहीत. खडूचे हात झटकत म्हणाले, “मॅडम, गावातली माणसं निकाल बघून मुलं पाठवतात. साहेबांनी नेमकं बिरूला उभं केलं आणि तो अडला की चार जण दुसऱ्या दिवशी पिवळ्या बसचा नंबर शोधतात. शाळा बंद पडली असती तर वस्तीला काय राहिलं असतं?” मी म्हटलं, “आता काय राहिलंय?” ते फळा पुसायला वळले. मी म्हटलं, “आणि मला खोटं का सांगितलंत?” त्यावर म्हणाले, “तुम्ही त्यांना शिकवायचं थांबवलं असतं.” इतकं शांतपणे म्हणाले... त्यांचा हिशेब चुकीचा होता असं मला आजही ठामपणे म्हणता येत नाही. पण दोन वर्षं एका मुलाचं बोट अक्षरावर ठेवून मी त्याला वाचायला शिकवायचं आणि भिंतीपलीकडे त्याच्या जाण्याची तयारी व्हायची, हे मी माफ केलेलं नाही. माणूस गेला म्हणूनही नाही. त्यानंतर आम्ही कामापुरतं बोलत राहिलो.

गावानं शाळेच्या पटांगणात शोकसभा घेतली. सरपंचांपासून सगळे बोलले, शाळेचं नाव काढलं म्हणाले. मला बोलायला लावलं तेव्हा ‘सर मोठे शिक्षक होते’ एवढं म्हणून मी खाली बसले. बिरूची आईही आली होती. सरांच्या फोटोपुढं वाकली, डोळ्यांना पदर लावला. ती खरंच रडत होती आणि मला फोटोचा इतका राग आला की मी तिथून उठून नळावर जाऊन तोंड धुतलं.

आता शाळा सुरू झाली आहे. सरांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही, म्हणून दोन्ही खोल्या मीच बघते. पहिल्या दिवशी दुसरी पास झालेली माझी मुलं त्यांच्या खोलीत नेऊन बसवली. गावातली मुलं आपापल्या जागा धरून बसली. सगळ्यांत शेवटी वस्तीवरची आरती आत आली. तेवढ्यात चौथीतली वर्गप्रमुख, मोठी गुणी पोर, कुणी न सांगता उठली. कपाटातून एक पुस्तक काढलं आणि आरतीच्या हातात ठेवून म्हणाली, “वाच.” मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, “बाई, वस्तीवरच्यांना सर आधी वाचायला लावायचे. मग बसायचं.” आरतीनं माझ्याकडे बघितलं, मग पुस्तकाकडे. मी पुस्तक काढून घ्यायला हात पुढं केला, पण तिनं बोट ठेवून वाचायला सुरुवातही केली होती. एकेक अक्षर लावत, अडखळत, उभ्यानंच. सगळा वर्ग हाताची घडी घालून तिचं वाचून व्हायची वाट बघत राहिला. कुणी हसलं नाही. सरांनी शिस्त फार चांगली लावली होती.